कोन, करंट आणि कुलूप

घरातला पंखा बटण दाबलं की फिरतो. मग कारखान्यातला मोठा पंखा सुरू करायला कामाचं लेखी परमिट, कुलपं, टॉर्क पाना आणि चार माणसं कशाला लागतात? आणि हवा कमी पडत असेल तर पात्यांचा कोन वाढवून मोकळे का होत नाहीत? नवीन रुजू झालेला शिकाऊ तंत्रज्ञ हे दोन प्रश्न हमखास विचारतो. उत्तर समजायला पंख्याचं थोडं विज्ञान लागतं, थोडा विजेचा हिशेब लागतो आणि कामाचा क्रम लागतो. तिन्ही गोष्टी एकेक करून पाहू.

उदाहरणासाठी कूलिंग टॉवरचा पंखा घेऊ. तारापूर, पाताळगंगा किंवा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना चौकोनी बांधकामावर बसवलेली रुंद, आखूड नळकांडी दिसतात आणि थंडीच्या सकाळी त्यांतून पांढरी वाफ निघत असते. त्या प्रत्येक नळकांड्यात एक आडवा पंखा फिरत असतो.

१. हा पंखा करतो काय?

कारखान्यातल्या यंत्रांची उष्णता घेऊन आलेलं गरम पाणी टॉवरमध्ये वरून शिंपडतात. पंखा खालून हवा ओढतो आणि वर फेकतो. हवा पाण्याच्या थेंबांमधून जाताना थोडं पाणी बाष्प होऊन उडतं आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. १ लिटर पाणी उडालं, तर जवळपास ५८ लिटर पाणी १० अंश सेल्सियसने थंड होण्याइतकी उष्णता बाहेर पडते. हवा थांबली की हे बाष्पीभवन मंदावतं, पाणी गरमच परत जातं आणि प्लँटचं उत्पादन खाली येतं. म्हणून या पंख्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि म्हणूनच त्याच्या कामात घाईही फार होते.

रचना साधी आहे. मोटर नळकांड्याच्या बाहेर असते, कारण आतली हवा दमट असते. तिच्यापासून एक लांब शाफ्ट आत जातो आणि मधोमध बसवलेल्या गिअरबॉक्सला मिळतो. मोटर मिनिटाला सुमारे १,४८० फेरे घेते. गिअरबॉक्स ती गती कमी करतो आणि दिशा वळवून उभ्या दांड्याला देतो. त्या दांड्यावर हब असतं आणि हबवर क्लॅम्पने घट्ट धरलेली फायबरची पाती. समजा पंख्याचा व्यास ८ मीटर आहे आणि तो मिनिटाला १४० फेरे घेतो. पात्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे २५ मीटर धावतं, म्हणजे त्याचा वेग ताशी २१० किलोमीटरच्या आसपास जातो. जमिनीवरून पाहताना पंखा संथ वाटतो. तो संथ नसतो.

२. कोन म्हणजे नेमकं काय?

पातं ज्या सपाटीत फिरतं, ती सपाटी आणि पात्याची रुंदी यांच्यामधला कोन म्हणजे पात्याचा कोन. तो शून्य असेल तर पातं हवेला नुसतं कापत जातं. कोन वाढला की ते हवेला वर ढकलू लागतं.

हे पतंग उडवणाऱ्याला लगेच कळेल. कन्नी बांधताना गाठ किंचित वर किंवा खाली सरकली, तर पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. कोन फार कमी असेल तर पतंग फडफडतो आणि उचलत नाही. योग्य असेल तर सरळ वर चढतो. फार जास्त झाला तर मांजा हाताला जोरात ओढतो, पण पतंग मात्र चढायचं थांबतो. पात्याचंही तसंच होतं. एका मर्यादेपर्यंत कोनाबरोबर हवा वाढते. त्यापुढे पात्याच्या पाठीवरून सरळ वाहणारी हवा तिथून सुटते आणि भोवरे करू लागते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. स्टॉल झालेला पंखा जास्त वीज खातो, थरथरतो आणि हवा मात्र वाढवत नाही. हवा कमी पडते म्हणून आणखी कोन वाढवणारा माणूस अशा वेळी दुखणंच वाढवत असतो.

आणखी एक बारकावा. पातं मुळापाशी जास्त आणि टोकाशी कमी कललेलं असतं, कारण टोकाचा वेग जास्त असतो. त्यामुळे ‘कोन १२ अंश’ एवढंच सांगणं अपुरं आहे. तो पात्याच्या कोणत्या जागी मोजला हे सांगावंच लागतं. पंख्याचा निर्माता ती जागा पुस्तिकेत ठरवून देतो. कुणी एक वीतभर आत मोजलं आणि कुणी टोकावर, तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

३. करंट काय सांगतो?

कोन किती ठेवायचा याची शेवटची हद्द मोटर ठरवते. म्हणून कोनाच्या प्रत्येक कामात टाँग टेस्टर हवाच. वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं हे छोटं यंत्र प्रत्येक वायरमनकडे असतं.

एक हिशेब करू. मोटरच्या पाटीवर ४५ किलोवॉट लिहिलं आहे. दाब ४१५ व्होल्ट आहे आणि तिन्ही फेजवर ७० अँपिअर करंट दिसतो. तीन फेजच्या मोटरसाठी १.७३, व्होल्ट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार करायचा. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर मोटर जवळपास ४२.८ किलोवॉट वीज घेते. त्यातला ९३ टक्के भाग शाफ्टवर पोचतो असं धरलं, तर पंख्याला सुमारे ४० किलोवॉट मिळतात. म्हणजे ५ किलोवॉट शिल्लक आहेत. मग कोन वाढवून ते वापरून टाकावेत का?

इथेच फसगत होते. हे मोजमाप भर दुपारी केलं होतं. टॉवरवर गरम पाणी पडत होतं आणि पंख्यातून जाणारी हवा ४० अंशांची होती. आता जानेवारीतली पहाट धरा. प्लँट अजून सुरू नाही, पाणी थंड आहे, हवा १२ अंशांची आहे. थंड हवा जड असते, इथे सुमारे १० टक्के जड. पंखा दर मिनिटाला तेवढेच घनमीटर हवा ढकलतो, पण ती जड असल्यामुळे शक्ती त्याच प्रमाणात जास्त लागते. ४० चे ४४ किलोवॉट होतात. दुपारी दिसलेली शिल्लक पहाटे जवळपास उरतच नाही. म्हणून मोजमापाच्या आकड्याशेजारी तेव्हाचं हवेचं तापमान लिहिलं नसेल, तर त्या आकड्यावर कोन ठरवू नये. आणि कोन वाढवायचाच असेल तर एका वेळी अर्धा किंवा एक अंश, त्यानंतर पुन्हा करंट मोजायचा.

थंडीत हवा जास्त होत असेल तर पात्यांना हात लावण्याआधी गती कमी करता येते का ते पाहावं. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणली तर शक्ती जवळपास ५१ टक्केच लागते. ज्या मोटरला व्हीएफडी, म्हणजे गती कमी-जास्त करणारी विद्युत यंत्रणा बसवलेली आहे, तिथे हा मार्ग सगळ्यांत सोपा आणि स्वस्त.

४. कुलूप आधी, पाना नंतर

आता कामाला हात घालू. पहिलं काम पाना उचलण्याचं नाही. पंखा चुकूनही फिरणार नाही, याची सोय करण्याचं आहे.

पंख्याजवळचं लाल बटण दाबलं म्हणजे वीज बंद झाली असं होत नाही. ते बटण फक्त मोटर थांबवतं. कंट्रोल रूममधून कुणी पुन्हा सुरू केली तर ती फिरेल. म्हणून पॅनेलवरचा ब्रेकर बंद करून बाहेर काढायचा, त्याला कुलूप लावायचं आणि कोण, कशासाठी काम करतं आहे याची पाटी लटकवायची. कारखान्यात याला ‘लोटो’ म्हणतात, म्हणजे कुलूप आणि पाटी. अमेरिकेत १९८९ साली याचा सविस्तर नियम झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणं बंधनकारक केलं. नियम कुठलाही असो, त्यामागचं तत्त्व एकच आहे: आत गेलेल्या माणसाचा जीव बाहेरच्या कुणाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

म्हणून नळकांड्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप असतं आणि किल्ली त्याच्याच खिशात राहते. चौघं काम करत असतील तर कुलपंही चार. तिघं वर आले आणि चौथा आतच राहिला, तर चौथं कुलूप पंखा सुरू होऊ देत नाही. कुलूप लावल्यावर सुरू करण्याचं बटण एकदा दाबून पाहायचं. चुकीच्या पंख्याचा ब्रेकर काढला असेल तर ते याच वेळी कळतं.

वीज बंद झाली तरी धोका संपत नाही. वारा आला की पंखा आपोआप फिरतो. शेजारचा पंखा चालू असेल तर तो बंद पंख्याच्या नळकांड्यातून उलटी हवा ओढतो आणि पाती उलट दिशेने फिरू लागतात. आत उभ्या असलेल्या माणसाला हा संथ फेराही पाडायला पुरतो. म्हणून हब किंवा पातं दोराने किंवा निर्मात्याने दिलेल्या अडकवणीने पक्कं बांधायचं. शक्य असेल तर शेजारचा पंखाही बंद ठेवायचा. गरम पाण्याचा प्रवाह बंद करायचा, निसरड्या फळ्यांवर सेफ्टी बेल्ट लावायचा आणि एक माणूस सतत बाहेर उभा ठेवायचा.

५. कोन लावण्याची रीत

आधी पाती धुऊन पुसून घ्यायची. पाण्यातले क्षार आणि शेवाळ बसून पात्याचा आकार आणि वजन दोन्ही बदलतं. पोकळ पात्यांच्या टोकाला पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते क्षारांनी बुजलं की पात्यात पाणी साठतं. तारेने छिद्र मोकळं केलं तर कधी कधी पाण्याची बारीक धार कितीतरी वेळ गळत राहते. एवढ्या पाण्याने काय होतं? हिशेब करा. मिनिटाला १४० फेरे घेणाऱ्या, मध्यापासून ४ मीटरवर असलेल्या टोकाशी अर्धा लिटर पाणी साठलं, तर फिरताना ते सुमारे ४४ किलो वजनासारखं बाहेर ओढतं, आणि तेही एकाच बाजूला.

मग प्रत्येक पात्याला क्रमांक द्यायचा. नळकांड्यातली एक जागा ठरवायची आणि पंखा हाताने फिरवत प्रत्येक पातं त्याच जागी आणून मोजायचं. गिअरबॉक्स किंचित कललेला असला तरी सगळी पाती एकाच जागी मोजल्यामुळे ती चूक सगळ्यांना सारखी लागते आणि तुलना बिघडत नाही. मोजायला डिजिटल कोनमापक वापरतात.

समजा सहा पात्यांचे आकडे असे आले: १२.०, १२.१, ११.९, १२.०, १३.४, १२.०. सरासरी १२.२ येते आणि कागदावर ती शोभून दिसते. पण पाचवं पातं इतरांपेक्षा जवळपास दीड अंश जास्त आहे. ते प्रत्येक फेऱ्यात इतरांपेक्षा जास्त हवा ढकलतं आणि हबला एका बाजूला जास्त दाबतं. मिनिटाला १४० वेळा हा धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. बेअरिंग जातं, तेल गळतं आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. पंख्याला सरासरी कळत नाही. त्याला सगळी पाती सारखी हवी असतात. फरक किती चालेल हे निर्माता सांगतो आणि तो बहुधा अर्ध्या अंशाच्या आसपास असतो.

पातं फिरवताना क्लॅम्पचे नट फक्त इतकेच सैल करायचे की पातं हलेल, लटकणार नाही. कोन जमल्यावर नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळायचे. आवळताना पातं हमखास किंचित सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. हे दुसरं मोजमाप टाळणं ही या कामातली सगळ्यांत मोठी आळशी सवय. शेवटचा आवळा किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच, पुस्तिकेतल्या आकड्याइतका. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलं तर फायबरला तडा जातो, कमी आवळलं तर पातं चालताना फिरतं.

शेवटी पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून प्रत्येक टोक आणि नळकांड्याची भिंत यांतलं अंतर चारही बाजूंना पाहायचं. टोकांची उंचीही एका रेषेत हवी. खालच्या गिअरबॉक्सच्या आधारांपासूनही अंतर पाहा, कारण वर हवा फेकणाऱ्या पात्यांना हवा उलट खाली दाबते. पात्यांचा संच वजनानुसार जुळवलेला असतो, म्हणून दुसऱ्या पंख्याचं एखादं पातं उचलून इथे बसवू नये.

६. बटण दाबण्याआधी

आत नेलेली हत्यारं मोजून बाहेर आणायची. आत राहिलेला एक पाना पहिल्याच फेऱ्यात पातं फोडू शकतो. पंख्याला बांधलेला दोर सोडायचा. गिअरबॉक्समधलं तेल पाहायचं, शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट पाहायचे. बरेच दिवस बंद असलेल्या मोटरच्या वायरिंगमध्ये ओल शिरली नाही ना, हे मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासायचं. कंपन वाढल्यावर पंखा बंद करणारा स्विच खरोखर बंद करतो का, तेही पाहायचं.

मग प्रत्येकाने आपापलं कुलूप आपल्या हाताने काढायचं. दुसऱ्याचं कुलूप कुणीही काढायचं नाही, तो जेवायला गेला असला तरी.

त्यानंतर दिशा. तीन फेजच्या मोटरच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलट फिरते. केबल सोडून पुन्हा जोडली असेल तर हे सहज घडतं. उलट फिरणारा पंखा हवा खाली ढकलतो आणि त्याच्या पात्यांचा आकारही त्या दिशेसाठी नसतो. म्हणून क्षणभर वीज देऊन लगेच बंद करायची आणि पंखा कोणत्या बाजूला हलला ते पाहायचं. मात्र वाऱ्याने पंखा आधीच उलटा फिरत असेल तर त्याला आधी थांबवायचं. उलट फिरणाऱ्या पंख्यावर पूर्ण वीज सोडली तर मोटरला आधी त्याला थांबवावं लागतं आणि मग सुलट फिरवावं लागतं. करंट बराच वेळ चढलेला राहतो आणि गिअरच्या दात्यांवर जबर झटका बसतो. ज्या ठिकाणी हे वारंवार होतं तिथे उलट फिरू न देणारी खटक्याची योजना बसवतात.

७. पहिला फेरा

मोटर थेट जोडली तर सुरुवातीला तिचा करंट नेहमीच्या ६ ते ७ पट जातो. तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६ पट करंटला ३६ पट उष्णता. छोटा पंखा क्षणात गती घेतो, पण मोठ्याला आपलं वजन फिरवायला बरेच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मोटर तापत राहते. स्टार-डेल्टा स्टार्टरमुळे सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण जोरही तेवढाच कमी होतो. व्हीएफडी असेल तर गती सावकाश चढते आणि सगळ्यांचाच त्रास वाचतो.

म्हणूनच पंखा एकदा ट्रिप होऊन आपोआप बंद पडला की लगेच पुन्हा बटण दाबायचं नाही. मोठ्या मोटरींचा सर्वसाधारण संकेत असा आहे: मोटर थंड असेल तर लागोपाठ २ वेळा, गरम असेल तर १ वेळा. त्यानंतर ती थंड होऊ द्यायची आणि ट्रिप का झाली ते शोधायचं.

पहिल्या फेऱ्याच्या वेळी नळकांड्याच्या तोंडाशी, पात्यांच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही. एकाची नजर करंटवर, एकाचा कान आवाजावर, एकाचा हात बंद करण्याच्या बटणावर. करंट काही सेकंदांत खाली येऊन स्थिरावला पाहिजे. तो वरच राहिला, लयीत ठोका ऐकू आला किंवा कंपन वाढत गेलं, तर विचारत बसू नका, बंद करा. सगळं ठीक असेल तर पुस्तिकेत सांगितलेला वेळ चालवून पंखा पुन्हा थांबवायचा, पुन्हा कुलपं लावायची आणि क्लॅम्पचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. पहिल्या धावेत जोड बसतात आणि नट थोडे सैल पडतात.

८. सगळ्या पंख्यांना एक नियम लागत नाही

बॉयलरचा धूर ओढणारे बरेच पंखे वेगळ्या जातीचे असतात. त्यांत हवा मधून शिरते आणि परिघातून बाहेर फेकली जाते. असा पंखा हवा अडवली की कमी शक्ती घेतो, म्हणून तो झडप बंद ठेवून सुरू करतात. कूलिंग टॉवरसारखा सरळ हवा ढकलणारा पंखा मात्र हवा अडली की जास्त शक्ती मागतो आणि स्टॉलमध्ये जातो. एकाची सवय दुसऱ्यावर चालवली तर मोटर जळते.

धुराच्या पंख्यात तापमानाचा हिशेब आणखी कडक असतो. तो १४० अंशांच्या हलक्या धुरासाठी निवडलेला असतो. बॉयलर पेटण्याआधी त्यातून ३० अंशांची हवा जाते, ती सुमारे ३६ टक्के जड असते. झडप सावकाश उघडण्याची सूचना त्यासाठीच आहे. मोठ्या औष्णिक वीज केंद्रांत असेही पंखे असतात, ज्यांच्या पात्यांचा कोन चालू पंख्यातच तेलाच्या दाबाने बदलता येतो. ते सुरू करताना कोन अगदी कमी ठेवतात आणि गती आल्यावर वाढवतात.

९. वहीत काय लिहायचं?

काम संपल्यावर इतकं लिहावं: तारीख, प्रत्येक पात्याचा कोन आणि तो कुठे मोजला ती जागा, नटांचा टॉर्क, तिन्ही फेजचा करंट, हवेचं आणि पाण्याचं तापमान, कंपनाचा आकडा. पुढच्या वर्षी करंट १० अँपिअरने वाढलेला दिसला, तर याच नोंदीमुळे कळेल की थंडीमुळे वाढला, पाती सरकली म्हणून वाढला, की कुणी कोन बदलला. नोंद नसेल तर पुढचा माणूस अंदाजाने पाना लावेल.

सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं आता सरळ देता येतात. कोन वाढवून मोकळे होत नाहीत, कारण प्रत्येक अंशाची किंमत मोटर आणि बेअरिंग मोजत असतात. आणि परमिट, कुलपं आणि चार माणसं लागतात, कारण पंखा बाहेरच्यांसाठी यंत्र असतो, पण आत उतरलेल्यासाठी तो फिरला की वाचण्याची जागा उरत नाही. उत्पादन अर्धा दिवस थांबलं तर ते भरून काढता येतं, म्हणून या कामात घाई करायला कुणी सांगितलं, तर ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आत उतरणाऱ्या फिटरला असला पाहिजे आणि तो त्याने वापरला पाहिजे.